डोंगरी सायकलीची पारख : स्प्रिंगा मोजाव्यात की माल पाहावा?

पेढीवर बसणाऱ्या मनुष्याचा डोळा सहसा फसत नाही. कापडाचा पोत तो दोन बोटांच्या चिमटीत ओळखतो, धान्याचा वाण मूठभर दाणे तळहातावर घेऊन सांगतो, आणि भांड्यातील धातू टिचकीच्या नादावरून पारखतो. परंतु हाच चाणाक्ष गृहस्थ मुलासाठी किंवा मुलीसाठी गिअरची सायकल घ्यावयास बाजारात गेला, म्हणजे त्याची पारख कोठे नाहीशी होते हे आम्हांस कळत नाही. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, एकवीस गिअर, जाडजूड टायर आणि डोळे दिपविणारा रंग, एवढे पाहून तो पैसे मोजतो. दोन पावसाळे उलटतात न उलटतात तोच ती सायकल जिन्याखाली गंजत पडते, आणि 'मुलांना हौस टिकवता येत नाही' असा शेरा वर मारला जातो. आमचे मत असे की, दोष हौसेचा नसून निवडीचा आहे. आणि ही निवड कशी करावी हे आपल्या व्यापारी कुटुंबांना समजावून घेणे मुळीच अवघड नाही.

ज्या सायकलीस आज 'माउंटन बाईक' म्हणतात तिचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस असलेल्या मरीन परगण्यात झाला. तेथील काही तरुण जुन्या, जड, फुगीर टायरांच्या सायकली डोंगरावर चढवून कच्च्या वाटेने खाली सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ या दिवशी अशा एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. पायडल मागे दाबून लागणारा जुना ब्रेक त्या उतारावर इतका तापे की हबमधील ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेस 'रिपॅक' हे नाव पडले. या मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ व १९७८ मध्ये खास या कामासाठी दहा सायकली बांधल्या. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची याने बांधलेल्या फ्रेमी घेऊन या सायकलींचा व्यापार आरंभिला. १९८१ मध्ये कारखान्यात घाऊक प्रमाणात तयार झालेली 'स्टंपजंपर' बाजारात आली, आणि १९८२ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरी सायकलीसाठी गिअर व ब्रेक यांचा स्वतंत्र संच काढला.

हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन एवढेच की, या सर्व काळात त्या सायकलींना स्प्रिंगेचा चिमटा नव्हता. रॉकशॉक्स कंपनीचा तेल व हवा यांवर चालणारा पुढचा चिमटा १९८९ मध्ये आला. म्हणजे पहिल्या शर्यतीनंतर तेरा वर्षांनी. ज्यांनी ही सायकल घडविली त्यांना प्रथम ब्रेकची उणीव भासली, मग बळकट चाकांची, मग चढ चढविणाऱ्या गिअरांची. धक्के शोषणारा चिमटा सर्वांत शेवटी आला. आपल्या बाजारात मात्र हा क्रम उलटा झाला आहे. स्प्रिंग प्रथम पाहिली जाते आणि ब्रेक सर्वांत शेवटी, किंबहुना पाहिलाच जात नाही.

आता ही स्प्रिंग काम कशी करते ते पाहू. धक्का शोषण्यास दोन गोष्टी लागतात. पहिली स्प्रिंग, मग ती पोलादी तारेची असो वा कोंडलेल्या हवेची. ती धक्का बसताच दबते. परंतु दबलेली स्प्रिंग घेतलेला जोर तसाच्या तसा परत फेकते, म्हणून दुसरी गोष्ट लागते ती तेलाच्या रोधाची. चिमट्याच्या नळीत तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, त्यात धक्क्याचा जोर उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो, आणि चाक उसळी न घेता जमिनीस धरून राहते. दहा-पंधरा हजारांच्या सायकलीवर जो चिमटा बसविलेला असतो त्यात स्प्रिंग असते, पण तेलाचा हा रोध बहुधा नसतोच. असा चिमटा धक्का गिळत नाही, केवळ पुढे ढकलतो. खडबडीत उतारावर पुढचे चाक टप्पे घेऊ लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी ब्रेक व वळण यांवरील ताबा सुटतो. जी वस्तू सुरक्षिततेसाठी म्हणून विकत घेतली तीच धोक्यास कारण व्हावी, याहून वाईट सौदा कोणता?

त्यात वजनाची भर. असा चिमटा एकटाच सुमारे अडीच किलोचा असतो; स्प्रिंग नसलेला साधा ॲल्युमिनियमचा चिमटा किलोभराच्या आसपास भरतो. मागेही स्प्रिंग असली की सांधे, पट्ट्या व बोल्ट वाढतात, आणि सबंध सायकल अठरा किलोच्या घरात जाते. चढावर पायडल दाबावे तर निम्मा जोर मागची स्प्रिंग हलविण्यातच जातो की काय असे वाटते. सांध्यांत चांगल्या बेअरिंगांऐवजी साध्या बुशी असल्या तर थोड्याच महिन्यांत खुळखुळ सुरू होते, आणि मग सायकल सरळ रेषेत चालेनाशी होते.

लहान मुलांच्या बाबतीत तर हा हिशेब अधिकच विपरीत आहे. तीस किलो वजनाच्या मुलास पंधरा किलोची सायकल दिली, तर ते सत्तर किलोच्या प्रौढ मनुष्यास पस्तीस किलोची सायकल देण्यासारखेच झाले. शिवाय त्या चिमट्यातील स्प्रिंग इतकी कडक असते की मुलाच्या वजनाने ती धड दबतही नाही. म्हणजे मुलगा चढावर जे ओझे वाहून नेतो त्याचा उतारावर त्यास काडीचाही उपयोग होत नाही. हौस मोडते ती येथे.

येथे कोणी विचारील, मग मागेपुढे सस्पेन्शन असलेली सायकल सर्वस्वी टाकाऊच आहे काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. चांगल्या बनावटीची अशी सायकल हे यंत्रशास्त्राचे सुंदर फळ आहे, आणि दगडधोंड्यांच्या तीव्र उतारावर वेगाने जाणाऱ्यास तिला पर्याय नाही. परंतु तशी सायकल आपल्या देशात दीड-दोन लाखांच्या पुढेच मिळते, आणि तिची निगाही तशीच ठेवावी लागते. चिमट्याच्या खालच्या नळ्यांतील तेल काही कंपन्या पन्नास तासांच्या वापरानंतर बदलावयास सांगतात. मागचा शॉक व सांध्यांची बेअरिंगे वर्षाकाठी तपासावी लागतात. ज्याला एवढी हौस, सवड व ऐपत आहे त्याने ती अवश्य घ्यावी. आमचा आक्षेप आहे तो तिच्या नकलेवर. खऱ्या जरीच्या शालूशी आमचे भांडण नाही. खोट्या जरीला खऱ्याचा मान देण्याशी आहे.

तर मग मर्यादित पैसा कोठे लावावा? आमच्या मते क्रम असा असावा.

प्रथम माप. फ्रेमचे माप चुकले तर बाकी सर्व व्यर्थ. सायकलीवर दोन्ही पाय टेकून उभे राहिले असता वरच्या नळीत व अंगात निदान दोन इंच अंतर राहिले पाहिजे. बसल्यावर हँडल धरताना पाठ ताणली जाता कामा नये, आणि कोपर किंचित वाकलेले असावे. वाढत्या अंगाचा सदरा शिवण्याची आपल्या घरांत चाल आहे. सदरा दोन इंच मोठा झाला तर बाही दुमडता येते. परंतु मोठी सायकल दुमडता येत नाही. आज न पेलणारी सायकल मुलास देऊन 'पुढील वर्षी बरोबर होईल' असे म्हणणे म्हणजे एक वर्ष त्यास पडण्याच्या भीतीत ठेवणे होय.

दुसरे, ब्रेक. चिखलात व पाण्यात रिम दाबणारे रबरी ब्रेक लवकर निष्प्रभ होतात, म्हणून डोंगरी सायकलीस डिस्क ब्रेक असावेत हे बरोबर. परंतु डिस्क म्हणजे सर्व सारखे नव्हेत. तारेने चालणाऱ्या डिस्क ब्रेकची तार ताणली जाते, आणि पॅड झिजत गेले की ते हाताने पुढे सरकवावे लागतात. तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक झिजेबरोबर बहुतांशी आपोआप जुळतात, एका बोटाने लागतात, आणि लांब उतारावर हात दुखत नाही. स्प्रिंगेवर जाणारा पैसा वाचवून तेलाचे ब्रेक मिळत असतील, तर तो सौदा डोळे मिटून करावा. मात्र निरनिराळ्या बनावटींना निरनिराळे तेल लागते. कोणास खनिज तेल, कोणास मोटारीच्या ब्रेकसारखे. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतील रबर नासते. हे दुकानदारास विचारून लिहून ठेवावे.

तिसरे, चाके व टायर. धक्के शोषणारी पहिली वस्तू चिमटा नव्हे, टायर आहे. सव्वादोन इंच रुंदीचा टायर शहरातल्या सायकलीसारखा टणक फुगविला तर तो दगडावरून उडतो. तोच स्वाराच्या वजनाप्रमाणे २५ ते ३५ पौंड हवेवर ठेवला तर खडीला बिलगून चालतो. हवा भरण्याचा पंप व दाबमापक यांस जो अल्प खर्च येतो, तेवढ्यात मिळणारे हे खरे सस्पेन्शन होय. रिम दुहेरी भिंतीची असावी. आणि मागच्या हबकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील हबवर आटे पाडून बसविलेले असते; त्यात उजव्या बाजूचे बेअरिंग आत राहते, आस बाहेर अधांतरी पडते, आणि खड्ड्यांत आदळून वाकते वा मोडते. कॅसेट व फ्रीहबच्या पद्धतीत बेअरिंग बाहेरच्या टोकाशी येते व आसास आधार मिळतो. ही गोष्ट वरून दिसत नाही, म्हणूनच ती विचारून घ्यावी लागते.

चौथे, गिअर. एकवीस हा आकडा ऐकून आपले ग्राहक भारावून जातात. वस्तुतः पुढची तीन व मागची सात चक्रे यांच्या जोड्यांतील अनेक गिअर एकमेकांच्या इतके जवळचे असतात की ते वेगळे असून नसल्यासारखेच. विचारावयाचे ते एवढेच, की सर्वांत हलका गिअर किती हलका आहे? पुढचे सर्वांत लहान चक्र २८ दात्यांचे व मागचे सर्वांत मोठे २८ दात्यांचे असेल, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा होतो. २९ इंची चाकास तो सुमारे २.३ मीटर. दुसऱ्या सायकलीस पुढे एकच ३२ दात्यांचे चक्र आणि मागे दहा चक्रांपैकी सर्वांत मोठे ४६ दात्यांचे असेल, तर त्याच चाकावर एका फेऱ्यात सुमारे १.६ मीटर अंतर कापले जाते. चढावर हा फरक म्हणजे सायकल चालवीत जाणे व ढकलीत जाणे यांतील फरक होय. दहा गिअरांची सायकल एकवीस गिअरांच्या सायकलीहून चढास सरस ठरू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

चिमट्याचा क्रम यानंतर लागतो. पैसा पुरत असेल तर पुढे हवेचा चिमटा घ्यावा, ज्यात तेलाचा रोध असेल व परतीचा वेग कमीअधिक करण्याची सोय असेल. लांबच्या रपेटीस व साध्या डोंगरी वाटांना १०० ते १२० मिलिमीटर दबणारा चिमटा पुरेसा आहे. दोनशे मिलिमीटरचे चिमटे केवळ उताराच्या शर्यतींसाठी असतात. १२० मिलिमीटरच्या चिमट्यात हवा अशी भरावी की स्वार नुसता बसताच तो २० ते २५ मिलिमीटर दबेल. आणि पैसा पुरत नसेल तर? तर साध्या, स्प्रिंग नसलेल्या चिमट्याची, चांगल्या ब्रेकांची व रुंद टायरांची सायकल घ्यावी. ती हलकी राहील, तिच्यात बिघडण्यासारखे कमी असेल, आणि ती मुलास खरे सायकल चालविणे शिकवील.

आपले सभासद निरनिराळ्या मुलखांत राहतात, म्हणून जमिनीचाही विचार करावा. आमच्या बेळगाव भागात जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडे जाताना किंवा येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर चढताना जांभ्याची तांबडी माती लागते. पावसाळ्यात तिचा लगदा ब्रेकचे पॅड पाहता पाहता खातो. तेथे जादा पॅड घरात असावेत आणि चेन धुऊन पुसून तेल देण्याचा नेम असावा. इंदूरकडील माळव्याच्या काळ्या मातीत टायर व फ्रेम यांमध्ये ऐसपैस जागा हवी, नाहीतर माती थापली जाऊन चाकच अडते. हैदराबादच्या भोवतालच्या ग्रॅनाइटच्या खडकांवर टायराच्या बाजूच्या भिंती जाड असाव्यात. बडोद्याच्या सपाट रस्त्यांवर शाळेत जाणाऱ्या मुलास मात्र डोंगरी सायकलीची गरजच काय, हाही प्रश्न मनास विचारण्यास हरकत नाही.

दुकानात गेल्यावर करावयाच्या परीक्षा साध्या आहेत. सायकल काट्यावर ठेवा. वजनाविषयी काटा खोटे बोलत नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. चिमट्यात वा हँडलाच्या सांध्यात खुळखुळ लागली तर ती नवी असूनही जुनीच समजा. चिमटा जोराने दाबून सोडा. तो ठक्कन वर आला तर आत तेलाचा रोध नाही. चाक उचलून फिरवा आणि ते ब्रेकच्या चकतीस घासते की काय ते ऐका. वापरलेली सायकल घेत असाल तर बारा कड्यांची चेन फूटपट्टीने मोजा. नवी चेन बरोबर बारा इंच भरते. ती एक अष्टमांश इंचाने वाढलेली आढळली तर चेनीबरोबर मागची चक्रेही बदलण्याचा खर्च किमतीत धरा. चांगल्या बनावटीची जुनी सायकल अनेकदा नव्या दिखाऊ सायकलीहून लाभाची ठरते.

आता दोन शब्द व्यापाराविषयी. ग्राहक जे मागतो ते दुकानदार देतो, त्यात त्याचा काय दोष, असे म्हणण्याची रीत आहे. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. अमेरिकेत मोठमोठ्या भांडारांतून विकल्या जाणाऱ्या अशा स्वस्त सायकलींवर, उड्या मारण्यास वा कसरतीस ही योग्य नाही अशा अर्थाची चिठ्ठी चिकटविलेली आढळते. माल डोंगरी सायकल म्हणून विकावयाचा आणि कोपऱ्यातील चिठ्ठीने डोंगरास मनाई करावयाची! तेथील सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनाच अखेर याचा वीट आला. निदान पाचशे तास चालेल एवढी तरी सायकल टिकाऊ असावी, अशी मागणी करणारा त्यांचा जाहीर अर्ज २०२२ मध्ये बराच गाजला. जो माल दुरुस्तही करता येत नाही तो स्वस्त नसून महाग आहे, हे त्यांनी हातांच्या अनुभवाने सांगितले.

आपल्या समाजाच्या पेढ्या ज्या पतीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या, ती पत ग्राहकास त्याच्या हिताची गोष्ट वेळेवर सांगण्याने मिळाली आहे. आपल्यापैकी जे बंधू सायकलींचा किंवा सुट्या भागांचा व्यवहार करतात त्यांनी, 'या किमतीत मागची स्प्रिंग घेऊ नका, त्याच पैशात चांगले ब्रेक देतो' एवढे एक वाक्य बोलण्यास संकोच करू नये. त्या दिवशी कदाचित विक्री थोडी कमी होईल. परंतु तो ग्राहक पुढील वर्षी धाकट्या मुलास घेऊन त्याच दुकानी येईल. आणि जे केवळ खरेदीदार आहेत त्यांनी, आपल्या मालाविषयी जेवढे चोखंदळ प्रश्न आपण घाऊक व्यापाऱ्यास विचारतो, तेवढेच सायकलीच्या दुकानातही विचारावेत.

मूल सायकल घेऊन घराबाहेर पडते तेव्हा घाटाच्या उतारावर आपण त्याच्यासंगे नसतो. आपण निवडलेले ब्रेक, टायर व फ्रेम असतात. म्हणून घरातील वडील मंडळींनी रंगावर व स्प्रिंगांच्या संख्येवर न जाता माप, ब्रेक, चाके, गिअर आणि मग चिमटा हा क्रम ध्यानात ठेवावा, अशी आमची सर्व सभासद कुटुंबांस आग्रहाची विनंती आहे.